नवा लॅपटॉप रुसतो तेव्हा

नवी वस्तू घरात आली की आपल्याकडे तिचा मान होतो. गाडी आली तर नारळ फुटतो, शिवणयंत्र आले तर त्याला हळदकुंकू लागते. आजकाल हा मान लॅपटॉपला मिळू लागला आहे. मुलगी रेद्वीच्या विद्यापीठात जाऊ लागली, मुलाला परदेशी नोकरीसाठी अर्ज करायचे आहेत, आजीला कॅनडातल्या नातवाचे तोंड पाहायचे आहे. अशा कारणांनी वडील दोन-तीन महिने पैसे बाजूला टाकतात आणि एके दिवशी ते चकचकीत यंत्र घरी येते.

नव्याचे नऊ दिवस म्हणतात, परंतु कित्येक घरी हे नऊ दिवसही धड जात नाहीत. यंत्र मध्येच थबकते. पडद्यावरचा बाण हलत नाही. ऐन कामात ‘अपडेट चालू आहे, यंत्र बंद करू नका’ अशी पाटी येते आणि तासभर जात नाही. कधी आवाज जातो, कधी वायफाय सापडत नाही, तर कधी सारा पडदा एकरंगी होऊन इंग्रजीत किंवा फ्रेंचमध्ये न कळणारा मजकूर झळकतो. मग घरात चौकशी सुरू होते. वडील मुलीला विचारतात, “तू काय दाबलेस?” मुलगी आजीकडे पाहते, “आजी, तू हात लावला होतास का?” आजी बिचारी पुन्हा त्या यंत्राजवळ जात नाही. ज्याने चूक केली तो दूरच राहतो आणि चोर सोडून संन्याशाला सुळी अशी गत होते.

वाचकहो, नवे यंत्र असे वागते तेव्हा बहुतेक वेळा घरातल्या कुणाचाही दोष नसतो. दोष कोठे असतो, तो कसा ओळखावा, आणि दुकानदारापुढे आपली बाजू कशी मांडावी, हे समजून घेतले तर पैसा वाचेल, आणि पैशाहून मोलाच्या काही गोष्टीही वाचतील.

यंत्रातला सरदार

लॅपटॉप म्हणजे नुसती पेटी. तिच्यात स्मरण ठेवणारा भाग आहे, हिशेब करणारा भाग आहे, पडदा, आवाज, वायफाय, कॅमेरा असे निरनिराळे भाग आहेत. ह्या सर्वांकडून काम करून घेणारी जी व्यवस्था असते तिला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. विंडोज, मॅकओएस, लिनक्स ही तिचीच नावे.

आपल्या बेटावर हे समजावणे सोपे आहे. ऊसमळ्यातला सरदार आपल्या पणजोबांना चांगला ठाऊक होता. वरून आलेला हुकूम तो ऐके, कुणी कोठल्या शेतात तोडणी करायची ते ठरवी, आणि दोन माणसे एकाच कोयत्यासाठी भांडू लागली तर निवाडा करी. ऑपरेटिंग सिस्टिम ही यंत्रातली सरदार आहे. आपण पत्र छापा म्हणतो. ती छपाईयंत्राला, स्मरणाला, पडद्याला आपापले काम वाटून देते. सरदार गोंधळला तर सारी टोळी उभी राहते. मजूर कितीही दणकट असोत, काम होत नाही. म्हणूनच महागाचे नवे यंत्रही अडून बसू शकते.

हे दुःख मोठ्यांच्याही वाट्याला आलेले आहे. २० एप्रिल १९९८ रोजी शिकागोच्या एका प्रदर्शनात विंडोज ९८ लोकांना दाखवली जात होती. खुद्द बिल गेट्स मंचावर होते. त्यांच्या सहकाऱ्याने एक स्कॅनर यंत्राला जोडला आणि शेकडो लोकांसमोर पडदा निळा पडून सारे थांबले. जिथे बनविणाऱ्यांच्या देखत असे घडते, तिथे आपल्या आजीबाईंनी ओशाळण्याचे कारण नाही.

दोष येतो कोठून?

पहिले कारण म्हणजे ड्रायव्हर. प्रत्येक भागाशी बोलण्यासाठी सरदाराला एक दुभाषा लागतो. त्या छोट्या प्रोग्रॅमला ड्रायव्हर म्हणतात. पडद्याचा दुभाषा एका कंपनीचा, आवाजाचा दुसरीचा, वायफायचा तिसरीचा. ऑपरेटिंग सिस्टिम नवी आली आणि दुभाषे अजून कच्चे असले, की गोंधळ ठरलेला.

ह्याचे मोठे उदाहरण म्हणजे विंडोज व्हिस्टा. ती ३० जानेवारी २००७ रोजी सर्वांसाठी विक्रीस आली. त्याच्या आदल्या वर्षीपासून दुकानांतल्या यंत्रांवर ‘व्हिस्टा चालेल’ अशा अर्थाच्या चिकटपट्ट्या लावल्या जात होत्या. प्रत्यक्षात त्यांतल्या पुष्कळ यंत्रांवर व्हिस्टाची फक्त साधी आवृत्ती जेमतेम चाले. अमेरिकेत ग्राहकांनी २००७ साली दावा लावला आणि त्या निमित्ताने २००८ साली कंपनीची आतली पत्रे उजेडात आली. त्यांत मायक्रोसॉफ्टचे एक उपाध्यक्ष माइक नॅश ह्यांनीच लिहिले होते की २,१०० डॉलरचे त्यांचे यंत्र आता ई-मेलपुरतेच उरले आहे. त्याच कागदांतून दिसले की व्हिस्टा कोसळल्याच्या ज्या घटना कंपनीने नोंदल्या होत्या, त्यांतल्या सुमारे २९ टक्के एनव्हिडिया ह्या कंपनीच्या ड्रायव्हरमुळे घडल्या होत्या. पुढे २००९ साली न्यायालयाने ह्या दाव्याला दिलेली सामूहिक दाव्याची मान्यता काढून घेतली. परंतु ग्राहकाची तक्रार काल्पनिक नव्हती, एवढे त्या कागदांनी दाखवून दिले.

दुसरे कारण म्हणजे अपडेट. सरदाराला अधूनमधून नव्या सूचना येतात. बहुतेक चांगल्यासाठीच असतात. चोरांच्या वाटा त्यांनी बंद होतात. पण सूचनाच चुकली तर? २ ऑक्टोबर २०१८ रोजी विंडोज १० चे एक मोठे अपडेट निघाले आणि चार दिवसांत मायक्रोसॉफ्टला ते थांबवावे लागले. ज्यांनी आपले कागद आणि चित्रे ठेवायची जागा बदलली होती, पण काही फायली जुन्या जागी राहिल्या होत्या, त्यांच्या त्या फायली अपडेटने पुसून टाकल्या. अशी माणसे थोडी होती, पण ज्यांचे गेले त्यांचे सगळेच गेले. चाचणीच्या काळात काहींनी ह्याची तक्रार नोंदविली होती, ती वेळीच कुणाच्या नजरेत भरली नाही. दुरुस्त केलेले अपडेट नोव्हेंबरमध्ये पुन्हा निघाले.

तिसरे कारण म्हणजे सरदाराच्या घरात शिरलेले पाहुणे. नव्या यंत्रात कंपनी आपल्या वतीने पुष्कळ प्रोग्रॅम भरून देते. लेनोव्हो कंपनीने २०१४ च्या अखेरीपासून विकलेल्या काही लॅपटॉपमध्ये सुपरफिश नावाचा जाहिराती दाखविणारा प्रोग्रॅम होता. फेब्रुवारी २०१५ मध्ये उघड झाले की त्यामुळे यंत्राची सुरक्षाच धोक्यात येत होती. पाहुणा रखवालदार असला तरी घात होऊ शकतो. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक ह्या सुरक्षा कंपनीची एक सदोष फाईल जगभर गेली आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे ८५ लाख विंडोज यंत्रे बंद पडली. विमाने अडकली, इस्पितळांची कामे खोळंबली. उपाय साधा होता, पण असंख्य ठिकाणी तो एकेका यंत्रापाशी बसून हाताने करावा लागला.

कुणी म्हणेल, मग दुसऱ्या कंपनीचे यंत्र घ्यावे. जरूर घ्यावे, पण डोळे मिटून नव्हे. ॲपलच्या मॅकओएसमध्ये नोव्हेंबर २०१७ मध्ये असा दोष सापडला की ‘रूट’ हे नाव लिहून परवलीचा शब्द कोरा ठेवला तरी यंत्र सर्वाधिकार देऊन टाकी. कंपनीने दुसऱ्याच दिवशी तो बुजविला. लिनक्स फुकट आहे, जुन्या यंत्रांना मानवतेही. पण अगदी नव्या लॅपटॉपचे वायफाय तिला कधी कधी ओळखता येत नाही. दुरून डोंगर साजरे!

चिकटपट्टी आणि खरे बळ

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा सर्वसाधारण आधार संपला. त्या सुमारास अनेक कुटुंबांना चांगले चालणारे यंत्र बाजूला ठेवून नवे घ्यावे लागले, कारण विंडोज ११ ला सुरक्षेची एक खास सोय आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो. घाईत स्वस्तातले यंत्र घेतले गेले आणि तिथेच फसगत झाली.

विंडोज ११ साठी कंपनीने सांगितलेली किमान गरज ४ जीबी स्मरण आणि ६४ जीबी साठवण एवढीच आहे. परंतु किमान म्हणजे पुरेसे नव्हे. चार माणसांचे पोट भरण्यापुरता भात शिजला आणि दारात पाहुणे आले, तर जे होते तेच इथे होते. ६४ जीबीच्या यंत्रात विंडोज स्वतःच मोठी जागा अडवते. पुढच्या मोठ्या अपडेटला पसरायला जागा उरत नाही, ते अर्ध्यावर अडते, आणि घरच्यांना वाटते की नवे यंत्र बिघडले. म्हणून विकत घेताना निदान ८ जीबी, जमल्यास १६ जीबी स्मरण पाहावे, आणि साठवण २५६ जीबीची, एसएसडी जातीची मागावी. पडद्याचा आकार आणि झाकणाचा रंग नंतर.

पहिले पंधरा दिवस

नव्या सुनेला जशी घराची ओळख होऊ द्यावी, तसे नव्या यंत्रालाही थोडे दिवस द्यावेत. पहिल्याच संध्याकाळी मुलीचा प्रबंध त्यात टाकू नये. आधी विजेला जोडून सगळी अपडेट होऊ द्यावीत. ह्यात कित्येक तास जातात आणि यंत्र दोन-चार वेळा आपणहून बंद होऊन सुरू होते. अपडेट चालू असताना वीज गेली आणि बॅटरी उतरली तर यंत्र पुन्हा उठेलच असे नाही. तेव्हा वादळाचा इशारा लागलेला असेल त्या दिवशी हे काम काढू नये.

बिघाड दिसला तर वही काढावी. तारीख, वेळ, त्या वेळी काय चालले होते, आणि पडद्यावरचे शब्द जसेच्या तसे लिहावेत. एकरंगी पडदा आला तर मोबाईलने त्याचा फोटो घ्यावा. हा पडदा वर्षानुवर्षे निळा होता. विंडोज ११ मध्ये २०२५ पासून तो काळा झाला आहे. त्यावर बिघाडाचे सांकेतिक नाव असते आणि जाणकाराला त्यावरून पुष्कळ कळते. विंडोजमध्ये ‘रिलायबिलिटी मॉनिटर’ नावाची एक सोय आहे. शोधाच्या चौकटीत ‘रिलायबिलिटी’ हा शब्द इंग्रजीत लिहिला की ती सापडते. कोणत्या दिवशी काय कोसळले ते ती तारीखवार, लाल फुलीसह दाखवते. दुकानदारापुढे ह्याहून चांगला साक्षीदार नाही.

मग क्रमाने जावे. मुदतीपुरते फुकट दिलेले, नको असलेले प्रोग्रॅम काढून टाकावेत. ड्रायव्हर घ्यायचे ते यंत्र बनविणाऱ्या कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून, आपल्या यंत्राचा नेमका नमुना पाहून घ्यावेत. ‘सर्व ड्रायव्हर एका क्षणात दुरुस्त करतो’ अशा जाहिरातींच्या नादी लागू नये. त्रास एखाद्या अपडेटनंतरच सुरू झाला असेल तर ते अपडेट काढता येते आणि पुढची काही काळ थांबवता येतात. ‘विंडोज मेमरी डायग्नोस्टिक’ ही चाचणीही चालवून पाहावी. तिने स्मरणात दोष दाखविला तर तो ऑपरेटिंग सिस्टिमचा नव्हे, पेटीतल्या भागाचा दोष आहे, आणि भाग बदलून मिळायला हवा.

आपल्या मंडळांच्या चिटणिसांसाठी एक खुलासा. जुन्या काळी टंकलिखित केलेली मराठी इतिवृत्ते नव्या यंत्रात उघडली की देवनागरीऐवजी इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. हा बिघाड नव्हे. ती इतिवृत्ते जुन्या फाँटमध्ये आहेत आणि तो फाँट नव्या यंत्रात नाही. तो बसवावा किंवा मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्यावा. त्यासाठी यंत्र परत करण्याचे कारण नाही.

“सॉफ्टवेअरला गॅरंटी नाही”

एवढे करूनही यंत्र रुसलेलेच राहिले तर दुकानात जावे. तिथे ठरलेले उत्तर मिळते, “हा सॉफ्टवेअरचा दोष आहे, त्याला गॅरंटी नाही.” आपल्या ओळखीच्या एका घरी हेच उत्तर तीन वेळा मिळाले. तीन खेपांचा बसखर्च, तीन दिवसांची रजा, आणि यंत्र होते तसेच.

ह्या उत्तराला तोड आहे. आपल्या फायलींची प्रत काढून घ्यावी आणि यंत्र कारखान्यातून निघाले त्या मूळ अवस्थेत परत न्यावे. विंडोजमध्ये ‘रीसेट’ ह्या नावाने ही सोय असते. मूळ अवस्थेत, आपला एकही प्रोग्रॅम नसताना यंत्र पुन्हा कोसळले, तर “तुम्ही काहीतरी टाकले असेल” हे म्हणणे संपते. वही, फोटो आणि पावती समोर ठेवून शांतपणे लेखी उत्तर मागावे. आपल्या देशाच्या कोद सिव्हिलमध्ये विकलेल्या वस्तूतल्या लपलेल्या दोषाबद्दल, म्हणजे ज्याला आपण व्हिस काशे म्हणतो त्याबद्दल, विक्रेत्याची जबाबदारी मानलेली आहे. दाद मागायला सरकारचे ग्राहक व्यवहार खाते आहे, आणि आसीम ही ग्राहक संघटनाही आहे. आवाज चढविण्याची गरज नाही, कागद बोलतात.

जे परत मिळत नाही

लॅपटॉप बदलून मिळतो. आत जे असते ते मिळत नाही.

त्याच ओळखीच्या घरची पुढची गोष्ट. चौथ्या खेपेला दुकानाने यंत्र ठेवून घेतले, एका कागदावर सही घेतली आणि आठ दिवसांनी ते दुरुस्त करून दिले. यंत्र छान चालू लागले. मात्र आतली तबकडी पुसली गेली होती. गणेशचतुर्थीच्या रात्री आजी गात असे ती झाकरीची गाणी नातीने दोन वर्षे जमवून त्यात ठेवली होती. आजी आता नाही. त्या गाण्यांतली काही बाकी कुणाला पुरी येतही नाहीत. सही केलेल्या कागदावर बारीक अक्षरांत लिहिलेले होते की माहितीची जबाबदारी दुकानाची नाही.

आपण ज्या लोकांचे वंशज आहोत त्यांच्याविषयी आज जे ठाऊक आहे ते कशामुळे? कुठल्या जहाजाने आले, कुठल्या गावचे होते, हे मोकाच्या महात्मा गांधी संस्थेत जपलेल्या नोंदवह्यांमुळे आपण सांगू शकतो. कुणीतरी लिहिले, कुणीतरी सांभाळले. आपल्या पिढीच्या नोंदी आता यंत्रात आहेत; त्या सांभाळण्याचे काम आपले आहे.

म्हणून महत्त्वाच्या प्रत्येक गोष्टीच्या दोन प्रती यंत्राबाहेर असाव्यात. एक घरातल्या बाहेरच्या डिस्कवर, दुसरी दुसऱ्या गावी. आपण वाकवाला राहात असाल तर बहिणीच्या रोझ हिलच्या कपाटात एक डिस्क राहू द्या, आणि तिची आपल्याकडे ठेवा. जानेवारी २०२४ च्या बेलाल वादळात पोर्ट लुईत पाणी कसे शिरले ते आपण पाहिलेच. एका घरात सगळे ठेवण्यात शहाणपण नाही. महिन्यातून एक दिवस नेमून प्रत ताजी करावी. दुरुस्तीला यंत्र देण्यापूर्वी तर प्रत काढल्याशिवाय ते हातातून सोडूच नये.

आणखी एक गोष्ट आजच करण्याजोगी आहे. पुष्कळ नव्या विंडोज ११ यंत्रांत साठवलेला मजकूर आपोआप कुलूपबंद होतो. चोरापासून रक्षण व्हावे हा हेतू चांगला आहे. पण एखादा भाग बदलला किंवा आतली एखादी मूलभूत मांडणी बदलली की यंत्र ४८ आकड्यांची किल्ली मागते, आणि ती नसेल तर मालकालाही आत प्रवेश नाही. बहुधा ही किल्ली आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात ठेवलेली असते. यंत्र चालू आहे तोवर ती शोधून कागदावर उतरवावी आणि जन्मदाखले, घराचे कागद असतात त्या फायलीत ठेवावी.

शेवटी घरातल्या माणसांविषयी. ज्या मुलीचा निबंध परीक्षेच्या आदल्या रात्री अडकतो तिला रागावू नये. तिच्याबरोबर बसून वही लिहावी. आजी-आजोबांना “तुम्ही हात लावू नका” असे कधी म्हणू नये. ह्या यंत्रावरून त्यांना दूरची नातवंडे दिसतात, मराठी कीर्तन ऐकता येते, पुण्या-मुंबईची वर्तमानपत्रे वाचता येतात. एकदा हात आखडला की तो पुन्हा पुढे होत नाही. दोष यंत्रात असेल तर तो यंत्रात शोधावा आणि हक्काने निस्तरून घ्यावा.

ह्या रविवारी अर्धा तास काढा, घरच्या सगळ्यांना यंत्राभोवती बसवा, पहिली प्रत काढा आणि ती किल्ली कागदावर उतरवा. लिहिणारी आजी असली तर फारच उत्तम.